सूर्याच्या भट्टीचें पोलाद

गोरेगांव म्हटलें कीं पुष्कळांस मुंबईचें उपनगर आठवतें. मी ज्या गोरेगांवाविषयीं बोलत आहें तें विदर्भाच्या पूर्व टोंकास, धानाच्या बांध्यांत वसलेलें आहे. त्याचा गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. कापणीच्या आधीं येथील लोहार विळ्यास पाणी देऊं लागला म्हणजे धातुविद्येचा निम्मा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो. लोखंड तापवावयाचें, विझवावयाचें आणि धार किती टिकते हें शेतांत पाहावयाचें. उरलेला निम्मा इतिहास लोखंडांत काय मिसळावें याचा आहे.

स्पेनमधील एल्हुयार बंधूंनीं १७८३ सालीं टंगस्टन धातु वेगळा काढला. १८६८ सालीं रॉबर्ट मशेट यानें तो पोलादांत घालून कठीण हत्यारें घडविलीं. १९१३ सालीं हॅरी ब्रिअर्ले यानें क्रोमियमच्या योगानें न गंजणारें पोलाद सिद्ध केलें. पुढें निकेल, मॉलिब्डेनम, नायोबियम असे एकेक पाहुणे येत गेले. प्रत्येक पिढीचा प्रश्न एकच: आणखी काय घालूं?

या प्रश्नाची दिशा फिरविली ती सूर्याची शक्ति पृथ्वीवर निर्माण करण्याच्या हव्यासानें. १९५५ सालीं जिनिव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनीं, अणूंच्या संमीलनाची शक्ति दोन दशकांत ताब्यांत येईल असें भाकीत केलें. ती मुदत १९७५ सालींच उलटली. दहा-पंधरा कोटि अंश उष्णतेचा वायु चुंबकांच्या पिंजऱ्यांत कोंडणें दुर्घट खरेंच; परंतु त्या पिंजऱ्याच्या भिंतीचें दुःख निराळें आहे. जड हायड्रोजनच्या दोन जातींच्या मीलनांतून निघणारा न्यूट्रॉन विद्युत्‌भाररहित असल्यामुळें चुंबकास जुमानीत नाहीं. तो सरळ पोलादांत घुसतो, अणूंना जागेवरून उडवितो आणि कांहींचें रूपच पालटून आंत हेलियम वायु निर्माण करतो. पोलाद ठिसूळ होतें. असल्या माऱ्यानें पोलाद सच्छिद्र होऊन फुगतें, हें कॉथॉर्न व फुल्टन यांनीं स्कॉटलंडमधील डूनरे अणुभट्टींतील नमुन्यांवरून १९६७ सालीं दाखविलें होतेंच.

शिवाय भिंत स्वतःच किरणोत्सर्गी होते. पोलादास बळकटी देणारा नायोबियमच येथें घरभेदी ठरतो. त्याच्यापासून होणाऱ्या एका किरणोत्सर्गी रूपाचें तेज निम्म्यावर येण्यास सुमारें वीस हजार वर्षें लागतात. अजंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांस सुमारें दोन हजार वर्षें झालीं आहेत, एवढें लक्षांत घेतलें म्हणजे हा वारसा केवढा हें कळेल. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत धातुशास्त्रज्ञ उलट विचारूं लागले: काय गाळूं? मॉलिब्डेनमच्या जागीं टंगस्टन आला, नायोबियमच्या जागीं टँटलम.

आपल्या देशांत कल्पाक्कमचें इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि हैदराबादचा मिश्र धातु निगम यांनीं असें पोलाद तयार केलें आहे. त्यांत क्रोमियम शेंकडा ९, टंगस्टन १.४, टँटलम ०.०६ आणि किंचित् व्हॅनेडियम असतें. नायोबियम मात्र दहा लक्ष भागांत दहाहून कमी असला पाहिजे! भट्टींत घालावयाचा कच्चा माल इतक्या सोंवळ्यानें निवडावा लागतो कीं आमच्या आजीनेंही हात टेकले असते.

यांतील धातु आमच्या मातीस परके नाहींत. नागपूर जिल्ह्यांतील आगरगांवच्या टंगस्टन-खनिजाची नोंद १९०८ पासूनची आहे. गोंदिया जिल्ह्यांतील चुंबकीय लोहखनिजांतही व्हॅनेडियमचा अंश आढळतो. यावरून छाती फुगविण्याचें कारण नाहीं. दगडांत धातु असणें वेगळें आणि तो भट्टीपर्यंत नेणें वेगळें. तुमसरकडील मँगॅनीजची कथा तर अधिक चटका लावणारी. निकेलऐवजीं मँगॅनीज भरपूर घातलेलीं पोलादें एके काळीं तपासलीं गेलीं. पण थंडावा देणारा प्रवाह बंद पडल्यास मँगॅनीजच्या अल्पायुषी किरणोत्सर्गानें भिंत धोकादायक रीतीनें तापते, असें दिसून आलें. आतां त्याचा वांटा शेंकडा अर्ध्याच्या आसपास उरला आहे.

सर्वांत मोठी उणीव पुढेंच आहे. या पोलादाची परीक्षा आजवर मुख्यत्वें जुन्या धर्तीच्या अणुभट्ट्यांत झाली, आणि तेथील न्यूट्रॉन बहुतांशीं पुष्कळ मंद असतात. लोहाराचा विळा आठ दिवसांत शेतांत जातो. हें पोलाद ज्या आगीसाठीं घडविलें, ती आग अजून त्यास पुरती लागलेलीच नाहीं. तशा वेगवान् न्यूट्रॉनांचा मारा करणारें परीक्षायंत्र ग्रॅनाडाजवळ उभारलें जात आहे, म्हणजे टंगस्टन प्रथम वेगळा काढणाऱ्या त्या दोघां भावांच्याच स्पेनमध्यें.