उचल आणि बिदागी

मी नऊ वर्षं गिटार वाजवतेय आणि नऊ वर्षं एकच वाक्य ऐकतेय : रॉक संपलं. सांगणारे बहुतेक गिटारवालेच असतात. हल्लीच्या पोरांना सोलो येत नाही, सगळं लॅपटॉपवर होतं, श्रोत्यांना अर्ध्या मिनिटाच्या वर धीर नाही. जॅमरूमबाहेरच्या टपरीवर चहा पिताना मीही हे पुष्कळ बोललेय.

गेल्या वर्षी आमच्या बँडपुढे एक करार आला, आणि मला एका गिटारवाल्याचा तीस वर्षं जुना लेख पुन्हा काढून वाचावा लागला. रॉकचं काहीतरी बिघडलंय, असं त्याचंही म्हणणं होतं. फक्त त्याने श्रोत्यांच्या आवडीनिवडीला दोष दिला नाही. त्याने हिशेब मांडला.

त्याचं नाव स्टीव्ह अल्बिनी. जन्म १९६२चा. पत्रकारिता शिकायला तो शिकागोजवळ आला आणि तिथे त्याने ‘बिग ब्लॅक’ हा बँड काढला. बँडला ड्रमर नव्हता, रोलँड कंपनीचं ड्रम मशीन होतं. वादकांच्या यादीत त्याचंही नाव ‘रोलँड’ असं छापलेलं असायचं. अल्बिनीची गिटार पत्रा कापल्यासारखी वाजायची. १९८७मध्ये बँड थांबला आणि तो मुख्यतः इतरांची गाणी रेकॉर्ड करू लागला. पिक्सीजचा ‘सर्फर रोझा’ (१९८८) त्याच्याच हातचा.

मग १९९१मध्ये निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला. पुढच्या जानेवारीत त्याने अमेरिकेच्या यादीत मायकल जॅक्सनला पहिल्या जागेवरून खाली ढकललं. गॅरेजमधल्या आवाजात एवढा पैसा आहे हे दिसल्यावर मोठ्या कंपन्या छोट्या बँडच्या मागे लागल्या. व्हॅनमधून गावोगाव फिरणाऱ्या पोरांपुढे करार येऊ लागले.

१९९३मध्ये ‘द बॅफलर’ या मासिकात अल्बिनीचा लेख आला, ‘द प्रॉब्लेम विथ म्युझिक’. त्यातला चार जणांचा बँड काल्पनिक आहे, पण आकडे त्या काळच्या व्यवहारांना धरून आहेत. बँडला २,५०,००० डॉलर आगाऊ मिळतात. वाचणाऱ्याला वाटतं, सुटले बिचारे! मग एकेक हात त्या रकमेत शिरू लागतो : मॅनेजर, वकील, स्टुडिओ, प्रोड्युसर, व्हिडिओ, दौऱ्याची बस. अल्बमच्या अडीच लाख प्रती खपतात, म्हणजे चांगलं यश. शेवटी कंपनीच्या पदरात ७,१०,००० डॉलर पडतात, प्रोड्युसरला ९०,०००, मॅनेजरला ५१,०००. बँडमधल्या प्रत्येकाला ४,०३१ डॉलर आणि २५ सेंट. वर रॉयल्टीच्या खात्यात बँडच कंपनीला १४,००० डॉलर देणं लागतो. चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात गल्ल्यावर बसले असते तर त्याच्या तिप्पट कमावलं असतं, असं अल्बिनी सांगतो.

हे गणित कळायला मला इंग्रजीचा उपयोग झाला नाही, काकांचा झाला. काका म्हणजे आमच्या ड्रमरचे बाबा. बीडकडचे, बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या कराराचा कागद त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचला आणि म्हणाले, “अगं, ही तर उचल आहे.”

ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून हंगामाआधी पैसे घेतं, ती उचल. तमाशाच्या फडातले कलाकारही घेतात. हातात नोटा येतात तेव्हा कमाई झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते कर्ज असतं, आणि ते मजुरीतून फिटेपर्यंत माणूस बांधलेला. न फिटलं तर पुढच्या हंगामावर. अल्बिनीच्या लेखातला बँड असाच अडकलेला आहे : एक अल्बम झाला, आणि करारातलं बरंचसं काम अजून बाकी.

हे लिहिणारा माणूस स्वतः काय करत होता, हे महत्त्वाचं आहे. त्याच सुमारास निर्वाणाने ‘इन युटेरो’साठी त्यालाच बोलावलं. प्रोड्युसरने दर प्रतीमागे टक्का घेणं हा रिवाज होता. त्याने निर्वाणाला आधीच पत्र लिहून कळवलं की टक्का नको. ३० लाख प्रती खपल्या तर तो हिस्सा सुमारे चार लाख डॉलर होईल, हेही त्याने त्यात मांडलं होतं. गाणी बँडची आहेत, मला प्लंबरसारखी कामाची मजुरी द्या, असं त्याचं म्हणणं. त्याने १ लाख डॉलर घेतले आणि विषय संपला. आपल्याकडे याला बिदागी म्हणतात : मैफल झाली, पाकीट हातात, देणंघेणं मिटलं. अल्बमचा आवाज कंपनीला मात्र रुचला नाही. दोन गाणी दुसऱ्याकडून पुन्हा मिक्स करून घेतली गेली.

१९९७मध्ये त्याने शिकागोत ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ हा स्टुडिओ उघडला आणि अनोळखी बँडनाही परवडेल अशा दरात काम करत राहिला. तो संत नव्हता. तरुणपणी त्याने बँडला दिलेली नावं आणि केलेले विनोद क्रूर होते, आणि पुढे त्याने त्याची जबाबदारी जाहीरपणे घेतली.

२०१४मध्ये मेलबर्नच्या भाषणात तो म्हणाला की इंटरनेटने जुना प्रश्न सोडवला. मधले दलाल गेले, बँड थेट श्रोत्यापर्यंत पोचतो. इथे माझं त्याच्याशी जमत नाही. आमचं गाणं कोल्हापूरपासून टोरांटोपर्यंत कुणीही ऐकू शकतं, हे खरं. पण २०२४पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षभरात हजार वेळा ऐकलं जात नाही, त्याला रॉयल्टीतला एक पैसाही मिळत नाही. आमच्या चारपैकी तीन गाण्यांची ही गत आहे. दलाल गेलेला नाही, त्याचा चेहरा तेवढा दिसेनासा झालाय.

तरी त्याची पद्धत मला पटते. आम्ही चौघं काकांच्या ओट्यावर बसलो आणि त्याच्यासारखाच कागदाच्या डाव्या बाजूला येणं, उजव्या बाजूला जाणं लिहिलं. तीन वर्षं, दोन अल्बम, गाण्यांचे हक्क त्यांचे, आणि शेवटी आम्हीच देणेकरी. आम्ही सही केली नाही.

याची किंमत होती. आमच्या बासिस्टला घरी पैसे द्यायचे होते, आणि ती उचल त्याला चालली असती. दोन महिन्यांनी तो हैदराबादला नोकरीला गेला. जाताना माझ्यावर रागावला नव्हता, पण फारसं बोललाही नाही.

अल्बिनी ७ मे २०२४ रोजी गेला, वयाच्या ६१व्या वर्षी. दहाच दिवसांनी त्याच्या ‘शेलॅक’ या बँडचा ‘टू ऑल ट्रेन्स’ आला. तो अल्बम मी बासिस्टला पाठवला. त्याचं उत्तर रात्री उशिरा आलं : “गिटार भारी आहे. तुम्ही शनिवारी वाजवताय का?”

वाजवतोय. एका छोट्या हॉलमध्ये, दीडशे रुपये तिकीट. दाराशी जमेल ते चौघांत वाटायचं ठरलंय. चौथा हिस्सा काढून ठेवलाय.