परागंदा देवांची कुळकथा

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला मजले 102. रिक रिऑर्डनच्या ‘द लायटनिंग थीफ’ (2005) या कादंबरीत मात्र तिथली लिफ्ट सहाशेव्या मजल्यावर जाते आणि दार थेट ग्रीक देवांच्या ऑलिंपसवर उघडतं. झ्यूसचा दरबार मॅनहॅटनमध्ये आला कसा? पुराणातल्या देवांना आजच्या शहरात वावरायला लावणाऱ्या या कादंबऱ्यांना ‘अर्बन फँटसी’ म्हणतात. त्यांची एक जुनी शाखा शोधत मागे गेलं, की आपण पॅरिसमध्ये एका आजारी कवीच्या अंथरुणापाशी पोचतो.

हा कवी म्हणजे हाइनरिश हाइन. 1831मध्ये तो जर्मनी सोडून पॅरिसला आला. पुढे जर्मन राज्यांनी त्याच्या पुस्तकांवर बंदी घातली आणि 1848पासून तो अंथरुणाला खिळला. त्याच अवस्थेत 1853मध्ये त्याचा ‘देवांचा विजनवास’ हा लेख प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती धर्म आल्यावर ग्रीक-रोमन देवांचं काय झालं, असा त्याचा प्रश्न होता. देवळं गेली, तेव्हा त्यांना पोटापाण्याला लागावं लागलं. अपोलो ऑस्ट्रियात मेंढपाळ झाला. मर्क्युरीनं डच व्यापाऱ्याचं सोंग घेतलं. म्हातारा ज्युपिटर उत्तरेच्या एका बेटावर सशांची कातडी विकून जगू लागला. स्वतः देशोधडीला लागलेल्या माणसालाच देवांचं हे हालहवाल सुचू शकतं.

विसाव्या शतकात या कल्पनेला शहर मिळालं. थॉर्न स्मिथनं 1931मध्ये एका कादंबरीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या देवांच्या मूर्ती जिवंत करून रस्त्यावर आणल्या. 1941मध्ये फ्रिट्झ लायबरनं ‘स्मोक घोस्ट’ या कथेत दाखवलं, की कारखान्यांची काजळी आणि माणसांची धास्ती यांतून शहर स्वतःचं भूतही जन्माला घालतं. आता शहर नुसतं नेपथ्य राहिलं नाही.

या प्रकाराला घाट आला तो 1980च्या दशकात. चार्ल्स द लिंटनं ‘मूनहार्ट’मध्ये (1984) कॅनडाच्या ओटावा शहरात वेल्समधल्या आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथा एकमेकींसमोर आणल्या. एमा बुलच्या ‘वॉर फॉर द ओक्स’मध्ये (1987) स्कॉटिश लोककथांमधल्या पऱ्यांचे दोन दरबार अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसमध्ये लढतात आणि त्यात एक रॉक गायिका ओढली जाते.

हाइनचा प्रश्न पुन्हा पूर्ण ताकदीनं उभा राहिला तो नील गेमनच्या ‘अमेरिकन गॉड्स’मध्ये (2001). गेमन स्वतः 1992मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत गेला होता. त्याच्या कादंबरीत अमेरिकेत आलेल्या प्रत्येक लोंढ्यानं आपापले देव सोबत आणलेत. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर त्यांच्या लोककथांमधला कोळीदेव अनान्सीही आलाय. पुढच्या पिढ्या देवांना विसरल्या. आता नॉर्स देव ओडिन लहानमोठी ठकबाजी करतो, शिकागोत राहणाऱ्या स्लाव्ह देव चेर्नोबोगनं कत्तलखान्यात घण चालवलाय, आणि इजिप्तचे थोथ व अनुबिस कैरो नावाच्या अमेरिकी गावात अंत्यविधीचा व्यवसाय चालवतात. मृतांची काळजी वाहणाऱ्या देवांना याहून चपखल काम कोणतं मिळणार!

बेन आरोनोविचनं ‘रिव्हर्स ऑफ लंडन’मध्ये (2011) हीच दिशा उलटी केली. त्याची थेम्समाता नायजेरियातून आलेली स्त्री आहे. टायबर्न, फ्लीट या लंडनच्या पोटात गाडल्या गेलेल्या नद्या तिच्या मुली. इथं परदेशी देवता शहरात आश्रय मागत नाही. बाहेरून आलेली बाईच शहराची देवता होते.

2018मध्ये ही वाट महाभारतापर्यंत आली. वडील भारतीय आणि आई फिलिपिनो असलेल्या रोशनी चोक्शीच्या ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’मध्ये पांडवांचे आत्मे आजच्या अमेरिकेतल्या शाळकरी मुलींमध्ये जन्म घेतात.

गाव सोडताना देव्हाऱ्यातले टाक बरोबर घेणाऱ्या घरांना या कादंबऱ्यांचं मर्म समजावून सांगावं लागत नाही. या कादंबऱ्या वाचण्यातला मोठा आनंद हाच आहे. देव खरे की खोटे, या वादात त्या अडकत नाहीत. जागा सुटल्यावर देवाचं देवपण कशावर टिकतं, हे त्या विचारतात, आणि उत्तर दर वेळी माणसांपाशीच येतं: देव टिकतो तो त्याची गोष्ट नव्या गावात, नव्या भाषेत पुन्हा सांगणाऱ्यांमुळे.