व्हील डॉली : घरच्या गॅरेजमध्ये गाडी हलविण्याचे साधन

उभ्या मोटारीच्या चाकाखाली बसवावयाच्या आणि चार छोट्या फिरत्या चाकांवर चालणाऱ्या पाटास ‘व्हील डॉली’ म्हणतात. नेहमीच्या मोटारीची केवळ पुढची चाके वळतात, त्यामुळे ती पुढे-मागे जाऊ शकते, सरळ आडवी सरकू शकत नाही. चारही चाकांखाली डॉली आल्या की इंजिन सुरू न करता मोटार आडवी नेता येते, तिरकी ढकलता येते आणि जागच्या जागी वळविताही येते. ‘टो डॉली’ या नावाने भाड्याने मिळणारी दोन चाकांची जोडगाडी मात्र वेगळी. ती दुसऱ्या वाहनामागे रस्त्यावर मोटार ओढून नेण्यासाठी असते. नामसाम्यामुळे भाड्याच्या दुकानात या दोहोंची गल्लत सहज होते.

अमेरिकेतील दोन गाड्यांचे गॅरेज पुष्कळदा २० फूट लांब व २० फूट रुंद असते. मध्यम आकाराची सेडान सुमारे १६ फूट लांब व ६ फूट रुंद, तर टोयोटा सिएनासारखी मिनीव्हॅन १७ फूट लांब व साडेसहा फूट रुंद असते. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर बाजूंनी एकूण साडेसात फूट उरतात. त्यांतच चारही दारे उघडायची, आणि वॉटर हीटर, फ्रीझर, सायकली, बर्फ काढण्याचे यंत्र व भारतवारीच्या बॅगा यांनाही तेथेच जागा हवी. एक गाडी महिनोन्महिने हलणार नसेल, तर ती भिंतीपासून हातभर अंतरावर सरकविल्याने दुसरीची सोय होते. तीन महिन्यांसाठी घरी जाणारे कुटुंब, मुलासाठी घेतलेली पण अद्याप न वापरलेली जुनी गाडी, सुटे भाग काढून ठेवलेली छंदाची गाडी, ही डॉलीच्या उपयोगाची नेहमीची उदाहरणे. बॅटरी पूर्ण उतरल्यामुळे ‘पार्क’मध्ये अडकलेली गाडी हे आणखी एक. तिची चाके फिरतच नाहीत, त्यामुळे कितीही माणसे लावली तरी ती ढकलली जात नाही.

दोन प्रकार

पहिला प्रकार साध्या पाटाचा. पोलादी पत्र्याला मध्ये खोलगट आकार दिलेला असतो आणि टायर त्या खळग्यात बसतो. हा पाट स्वस्त व टिकाऊ असतो, परंतु गाडी जॅकने उचलल्याशिवाय तो चाकाखाली जात नाही. दुसऱ्या प्रकारात टायरच्या पुढे व मागे एकेक आडवा रूळ येतो. पायाने पेडल दाबत गेल्यावर हायड्रॉलिक पंपामुळे किंवा दात्यांच्या यंत्रणेमुळे रूळ परस्परांजवळ येतात आणि टायर त्यांच्यावर चढून जमिनीपासून सुटतो. ‘गोजॅक’ हे या प्रकारचे परिचित नाव. टोइंगवाले आणि बॉडी शॉप यांच्याकडे बहुधा हाच प्रकार दिसतो. यात जॅक लागत नाही आणि जॅकवरून गाडी घसरण्याचा धोकाही टळतो. किंमत मात्र पाटाच्या कित्येक पट असते. काही बनावटींत डाव्या व उजव्या बाजूच्या डॉली निराळ्या असतात, तेव्हा त्या जोडीनेच घ्याव्या लागतात. टायर उचलल्यानंतर लॉक पिन बसविणे आवश्यक आहे. तेलाचा दाब हळूहळू उतरला तरी पिनमुळे रूळ जागेवर राहतात. हवा गेलेला टायर रुळांच्या मध्ये चेपत राहतो, उचलला जात नाही. म्हणून हवा आधी भरून घ्यावी.

वर्षातून एकदाच गाडी सरकवायची असेल तर साधे पाट पुरेत. जॅकचा सराव नसलेल्याने मात्र किमतीकडे न पाहता दुसरा प्रकार घ्यावा किंवा भाड्याने आणावा.

क्षमतेचे गणित

खोक्यावरील आकडा एका डॉलीचा आहे, जोडीचा आहे की चारांच्या संचाचा, हे प्रथम वाचावे. ‘६००० पौंड’ असे ठळक छापलेला संच बहुधा चारांचा असतो, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला १५०० पौंड येतात. गाडीच्या वजनाला चाराने भागूनही भागत नाही, कारण वजन चारही चाकांवर सारखे नसते. पुढील चाके ओढणाऱ्या गाडीचे इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही पुढे असल्याने सुमारे ६० टक्के भार पुढच्या आसावर पडतो. ३३०० पौंडांच्या सेडानमध्ये तो १९८० पौंड होतो, म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर ९९० पौंड. विजेवरील गाड्या याहून बऱ्याच जड असतात. टेस्ला मॉडेल वाय सुमारे ४४०० पौंडांची आहे, म्हणजे सरासरीच प्रत्येक चाकावर ११०० पौंड भार येतो. अशा गाडीला १००० पौंडांची डॉली चालणार नाही. लांब-रुंद पिकअपच्या बाबतीत वजनाबरोबर टायरची रुंदीही मोजावी, कारण टायर खळग्याबाहेर आला तर पाट कलंडतो.

जॅकवर लिहिलेल्या ‘टना’चाही खुलासा येथे करणे योग्य ठरेल. महाराष्ट्रात टन म्हणजे १००० किलो, तर अमेरिकेत तो २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. तीन टनी अमेरिकन जॅक ६००० पौंड उचलतो.

फरशी

डॉलीचे यश गाडीपेक्षा फरशीवर अधिक अवलंबून असते. मोटारीच्या मोठ्या चाकाला जो खडा जाणवत नाही, तो डॉलीच्या तीन इंची चाकाला अडवून धरतो. भौमितिक हिशोब केला तर एक अष्टमांश इंच उंचीच्या अडथळ्यावर चढण्यासाठी तीन इंच व्यासाच्या चाकाला त्यावरील भाराच्या सुमारे ४४ टक्के आडवे बल लागते. २६ इंची टायरला तेच बल १४ टक्के पुरते. म्हणूनच गॅरेज केवळ झाडून भागत नाही, शक्य तर व्हॅक्यूम करावे. काँक्रीटमध्ये मुद्दाम कापलेल्या सांध्यांच्या फटीत छोटी चाके अडकतात. त्या जागी पातळ पोलादी पत्रा किंवा हार्डबोर्ड अंथरावा. इपॉक्सीचा रंग दिलेल्या फरशीवर पोलादी चाकांचे ओरखडे राहतात आणि पॉलियुरेथेनची चाके तेथे सौम्य ठरतात. भाड्याच्या घरात हा मुद्दा थेट डिपॉझिटशी जोडलेला असतो.

याहून महत्त्वाचा आहे उतार. सांडलेले पाणी आणि इंधन बाहेर वाहून जावे म्हणून अमेरिकेतील निवासी बांधकाम संहिता गॅरेजच्या फरशीला मोठ्या दाराकडे किंवा नाल्याकडे उतार द्यावयास सांगते. फुटामागे एक अष्टमांश ते एक चतुर्थांश इंच हा नेहमीचा प्रघात. डोळ्यांना हा उतार दिसत नाही, परंतु २० फुटांत तो अडीच ते पाच इंच होतो. ३३०० पौंडांच्या गाडीला तो दाराच्या दिशेने सतत ३४ ते ६९ पौंडांनी ओढत असतो. स्थिर असताना ही ओढ छोट्या चाकांच्या घर्षणात जिरून जाते. गाडी एकदा हलू लागली की ती जाणवते.

ब्रेक नसलेली गाडी

डॉलीबाबतचा मुख्य धोका हाच, आणि सवयीमुळे तो ध्यानात येत नाही. हँडब्रेक ओढलेला आहे, गिअर ‘पार्क’मध्ये आहे, म्हणून गाडी सुरक्षित आहे असे मनात पक्के असते. पण ब्रेक टायरला थांबवितो आणि टायर आता जमिनीवर नाही. चारही चाके डॉलीवर गेली की गाडीतील कोणताही ब्रेक तिला रोखू शकत नाही. माणसाच्या चालण्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला एक मीटर, सरकणाऱ्या दीड हजार किलोंच्या गाडीत सुमारे ७५० जूल ऊर्जा असते. ७५ किलोंचा माणूस एक मीटर उंचीवरून खाली पडावा, तितकी. ती हातांनी थोपविता येत नाही. गाडी आणि भिंत यांच्या मध्ये, तसेच गाडीच्या उताराकडील बाजूस, कोणीही उभे राहू नये. लहान मुले आणि पाळीव प्राणी घरातच असावेत. मोठे दार बंद करूनच काम करावे, कारण दाराबाहेरील ड्राइव्हवेचा उतार गॅरेजच्या उतारापेक्षा बहुधा अधिक असतो. डॉली ही ड्राइव्हवेवर वापरण्याची वस्तू नव्हेच.

तरीही साध्या पाटांवर गाडी चढविल्यावर हँडब्रेक ओढलेलाच ठेवावा, अन्यथा टायर खळग्यातून गडगडत बाहेर येऊ शकतो. आणि डॉलीवरील गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये. डॉली हा टेकू नाही.

शक्य असेल तेथे दोनच डॉली वापरणे शहाणपणाचे. पुढील चाके ओढणाऱ्या गाडीची मागची दोन चाके डॉलीवर घेतली आणि पुढची जमिनीवर ‘पार्क’मध्ये ठेवली, तर गाडी उतारावर धावत नाही. तरीही डिफरन्शियलमुळे पुढचे एक चाक थोडे पुढे व दुसरे थोडे मागे फिरू शकते, आणि गाडीचे शेपूट सहज बाजूला वळते. भिंतीलगत जागा करण्याचे निम्मे काम एवढ्याने होते.

चढविण्याचा क्रम

साध्या पाटांसाठी क्रमाला महत्त्व आहे. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर काम करतो, म्हणून आधी पुढचा भाग उचलावा. तत्पूर्वी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी रबरी ठोकळ्यांची उटी लावावी. जॅक गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावावा. विजेवरील गाडीत तळाशी बॅटरी असते, ठरलेल्या जागेऐवजी तिच्यावर जॅक टेकविला तर मोठे नुकसान होऊ शकते. एअर सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत उचलण्यापूर्वी ‘जॅक मोड’ सुरू करावा लागतो. उचललेल्या भागाखाली स्टँड ठेवूनच डॉली सरकवावी.

पुढची चाके डॉलीवर टेकल्यानंतर त्या डॉलींचे ब्रेक लावून त्यांच्याभोवतीही ठोकळे ठेवावेत. मागचा भाग उचलला जाईल तेव्हा हँडब्रेकचा आधार सुटलेला असेल आणि गाडी केवळ या ठोकळ्यांच्या भरवशावर उभी राहील. जॅकची भुजा वर जाताना कमानीत फिरते, त्यामुळे जॅक आपल्या चाकांवर किंचित पुढे सरकतो. तो अडवू नये. अडविल्यास तो गाडीलाच ओढू लागतो.

ढकलण्यास दोन-तीन माणसे पुरतात. बंपर, स्पॉयलर किंवा पातळ पत्र्यावर जोर देऊ नये. टायरलाच ढकलले तर जोर थेट डॉलीपर्यंत पोहोचतो. दिशा बदलताना छोटी चाके स्वतःभोवती अर्धा फेरा घेतात आणि त्या क्षणी गाडी अनपेक्षितपणे इंच-दोन इंच बाजूला झेपावते. भिंत आणि वॉटर हीटर यांच्यापासून तेवढे अंतर राखून ठेवावे.

गाडी तेथेच महिनोन्महिने ठेवायची असेल, तर पाटाची चाके पोलादी असलेली बरी. पॉलियुरेथेनची चाके दीर्घकाळच्या भाराने एका बाजूला सपाट होतात. प्रवासाहून परतल्यावर प्रथम टायरमधील हवा पाहावी, मग उलट क्रमाने, आधी मागची व नंतर पुढची चाके खाली घ्यावीत, आणि चारही टायर जमिनीवर टेकल्यावरच मोठे दार उघडावे.