कामगार कपात : नोकरी जाताना कायद्याने मिळणारे हक्क

नवी दिल्ली : आस्थापनेतील मनुष्यबळ कमी करण्याचा अधिकार मालकाला आहे; मात्र त्यासाठी कायद्याने घातलेल्या अटी त्याला आधी पूर्ण कराव्या लागतात. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील या तरतुदी काही बदलांसह औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आल्या असून, ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

शिस्तभंगाच्या शिक्षेखेरीज अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची सेवा संपुष्टात आणणे म्हणजे कामगार कपात. स्वेच्छानिवृत्ती, ठरलेल्या वयाची सेवानिवृत्ती आणि निश्चित मुदतीचा करार संपणे या बाबी कपातीत मोडत नाहीत. त्यामुळे ‘स्वेच्छेने राजीनामा’ असा मजकूर असलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी विचार करणे आवश्यक ठरते. त्या एका सहीने कपातीची भरपाई मागण्याचा आधार दुबळा होतो.

हे संरक्षण कोणाला मिळते, हे पदनामावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून ठरते. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, तसेच दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येबाहेर राहतात. त्यांचे हक्क मुख्यत्वे नियुक्तीपत्रातील अटींवर अवलंबून असतात.

किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कारणे नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी तेवढे वेतन द्यावे लागते. बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असल्यास ती एक वर्षाची सेवा मानली जाते. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देय असते. सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जातो. म्हणजेच सात वर्षे आठ महिने सेवा झालेल्या कामगाराला आठ वर्षांची, अर्थात १२० दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई मिळते. ही रक्कम कपातीच्या वेळीच द्यावयाची असते.

३०० किंवा अधिक कामगार असलेले कारखाने, खाणी व मळे यांना शासनाची पूर्वपरवानगी आणि तीन महिन्यांची नोटीस बंधनकारक आहे. पूर्वी ही मर्यादा १०० कामगारांची होती. परवानगीच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळविला न गेल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते.

एकाच प्रवर्गात सर्वांत शेवटी आलेल्याला सर्वसाधारणपणे प्रथम कमी करावे लागते. अन्यथा मालकाने त्याची कारणे नोंदविणे आवश्यक आहे. वर्षभरात पुन्हा भरती झाल्यास कमी केलेल्या कामगारांना प्राधान्य मिळते. याशिवाय पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा करण्याची नवी तरतूद आहे. थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. पात्र कामगाराची ग्रॅच्युइटी कपातीच्या भरपाईहून वेगळी असते.

अटी पाळल्या न गेल्यास समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ४५ दिवसांत तोडगा न निघाल्यास कामगार थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मात्र त्यासाठी सेवासमाप्तीपासून दोन वर्षांची मुदत आहे. पूर्वी ती तीन वर्षे होती. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्यांनी सर्वसाधारणपणे कामाचे ठिकाण असलेल्या राज्यातच दाद मागावी. नियुक्तीपत्र, वेतनचिठ्ठ्या, हजेरीच्या नोंदी व नोटिशीची प्रत हे अशा दाव्यातील महत्त्वाचे पुरावे ठरतात.