४९ विरुद्ध ५ : राखीव कीपरचा हिशोब

किरण मोरे, ४९ कसोटी. चंद्रकांत पंडित, ५ कसोटी.

दोघंही यष्टिरक्षक. दोघांचंही कसोटी पदार्पण १९८६ च्या एकाच इंग्लंड दौऱ्यातलं. मोरेचं लॉर्ड्सवर, पंडितचं त्याच्या पुढच्याच हेडिंग्लेच्या कसोटीत. म्हणजे शर्यत जवळजवळ एकाच रेषेवरून सुरू झाली, आणि शेवटी फरक पडला दहापटीचा. आकडे असे शेजारी ठेवले की आपण पटकन निकाल लावून मोकळे होतो. एक यशस्वी, दुसरा 'बॅकअप'.

या वीकेंडला त्या बॅकअपबद्दलच लिहायचंय. कारण मंडळी, आपण नागपूरकर (क्रिकेटपुरतं म्हणतोय, उगाच भांडू नका) ज्या थोड्या लोकांचे देणेकरी आहोत, त्यात हा पाच कसोटीवाला बराच वर आहे.

आधी ही जागा समजून घेऊ. क्रिकेटच्या संघात फलंदाज पाच-सहा लागतात, गोलंदाज चार-पाच. त्यामुळे सातव्या क्रमांकाच्या फलंदाजाला आज ना उद्या नंबर लागायची आशा असते. कीपर मात्र एकच. दुसऱ्या कीपरचा नंबर लागायचा तर पहिल्याचं बोट मोडलं पाहिजे, पोट बिघडलं पाहिजे, नाहीतर फॉर्म गेला पाहिजे. आणि हा दुसरा रोज नेटमध्ये त्याच पहिल्याला कॅचेस देणार! बास्केटबॉलमधला राखीव सेंटर या मानाने सुखी. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, आणि मुख्य सेंटरला मधेमधे दम खायला बसवावंच लागतं. त्यामुळे राखीव सेंटरला रोज थोडी मिनिटं मिळतात. मिनिटामागे किती गुण, किती रिबाउंड असा हिशोब मांडता येतो. राखीव कीपरच्या वहीत तर आकडाच नाही. पाच दिवस ड्रिंक्स, ग्लोव्हज आणि निरोप पोचवायचे. लहानपणी गल्लीत जसा एक 'लिंबूटिंबू' असायचा, तसं काहीसं.

आमच्या धंद्यात याला 'बेंच' म्हणतात. बेंचवरचा माणूस म्हणजे ज्याचे तास कुठल्याच क्लायंटच्या बिलात लागत नाहीत तो. युटिलायझेशनच्या एक्सेल शीटमध्ये त्याच्यासमोर शून्य टक्के. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये त्या शून्याकडे बघून जे निष्कर्ष काढले जातात ते तुम्हाला ठाऊक आहेतच. आपण म्हणतो की कंपन्या निर्दय असतात. पण पंडितच्या पाच कसोटींकडे बघून आपणही तोच निष्कर्ष काढतो की नाही?

राखीव माणसाची किंमत खरी कळते तो नसतो तेव्हा. याचं सगळ्यात मजेदार उदाहरण त्याच १९८६ च्या उन्हाळ्यातलं आहे. भारताचा दौरा संपला, न्यूझीलंडचा संघ इंग्लंडमध्ये आला. लॉर्ड्सच्या कसोटीत रिचर्ड हॅडलीचा उसळता चेंडू इंग्लंडचा कीपर ब्रूस फ्रेंचच्या डोक्याला लागला. आता यष्टीमागे कोण? आधी बिल ॲथी नावाच्या फलंदाजाने कसंबसं निभावलं. मग बॉब टेलरला बोलावलं. ४५ वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला टेलर पुरस्कर्त्यांच्या वतीने पाहुण्यांची सरबराई करायला मैदानावर आला होता! त्यानंतर हॅम्पशायरचा बॉबी पार्क्स आला, आणि शेवटी थोडा वेळ फ्रेंच परतला. एका डावात चार कीपर. तेही न्यूझीलंडच्या कर्णधाराने मोठ्या मनाने परवानगी दिली म्हणून. पुढे २००० च्या नियमावलीत तर बदली खेळाडूला कीपिंग करायला साफ मनाई होती. २०१७ मध्ये नियम बदलला आणि पंचांच्या संमतीने बदली कीपर चालू लागला.

आपल्याकडचं उदाहरण याच्या उलट आहे. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या १४ जणांच्या संघात दुसरा नियमित कीपरच नव्हता. एकटा सय्यद किरमाणी. सिस्टिम डिझाइनच्या भाषेत याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात, आणि असं डिझाइन कोणी रिव्ह्यूला आणलं तर आपण त्याला परत पाठवू. किरमाणी धडधाकट राहिला म्हणून कोणाला आठवण नाही. नशीब साथ देतं तेव्हा बॅकअप नसल्याचं कळत नाही, आणि बॅकअप असतो तेव्हा तो फुकट बसलाय असं वाटतं. दोन्हीकडून मार बिचाऱ्या बॅकअपलाच.

आता प्रश्न असा, की राखीव म्हणून राहिलेल्या माणसाचं पुढे काय होतं? इथे गुणवत्तेइतकीच एक साधी गोष्ट कामी येते : जन्मतारीख. किरमाणी स्वतः आधी फारुख इंजिनिअरचा राखीव होता. पण इंजिनिअरचा जन्म १९३८ चा, किरमाणीचा १९४९ चा. जवळपास बारा वर्षांचं अंतर. इंजिनिअर जानेवारी १९७५ मध्ये शेवटची कसोटी खेळला, जानेवारी १९७६ मध्ये किरमाणी आला आणि ८८ कसोटी खेळून गेला. त्याच्यासाठी राखीव असणं म्हणजे रांगेत उभं असणं होतं. रांग पुढे सरकणारी होती.

पंडितचा जन्म सप्टेंबर १९६१ चा, मोरेचा सप्टेंबर १९६२ चा. म्हणजे ज्याच्या जाण्याची वाट बघायची तोच वर्षभराने लहान! ही रांग सरकणारच नव्हती. आणि मोरेवरही अन्याय नको. यष्टीमागे ४९ कसोटींत ११० झेल आणि २० यष्टिचीत असा त्याचा हिशोब आहे. निवड समितीने डोळे मिटून काही केलं नव्हतं.

मग अशा बंद रांगेतल्या माणसाने करायचं काय? पंडितने काय केलं ते बघा.

हेडिंग्लेच्या पदार्पणात तो कीपर नव्हताच. ग्लोव्हज मोरेकडे होते, पंडित फलंदाज म्हणून खेळला. २३ आणि १७ धावा. आज वाचताना किरकोळ वाटतात, पण त्या खेळपट्टीवर इंग्लंडचा अख्खा संघ १०२ आणि १२८ मध्ये आटोपला होता. भारत २७९ धावांनी जिंकला आणि मालिका खिशात घातली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती गाजलेली बरोबरीत सुटलेली कसोटी झाली, कसोटी इतिहासातली फक्त दुसरी 'टाय'. त्यातही मोरेबरोबर पंडित होताच. ३५ आणि ३९ धावा. जो सामना एका धावेसाठी अडला, त्यात ७४ धावा म्हणजे चिल्लर नव्हे.

१९८७ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, वानखेडे. आजारी दिलीप वेंगसरकरच्या जागी ऐनवेळी पंडित, पुन्हा फलंदाज म्हणून. २४ धावा केल्या, आपण ३५ धावांनी हरलो. मग १९९१-९२ चा ऑस्ट्रेलिया दौरा. सिडनीच्या कसोटीत तो अखेर यष्टीमागे उभा होता. लोकांना ती कसोटी शास्त्रीच्या २०६, सचिनच्या नाबाद १४८ आणि शेन वॉर्नच्या पदार्पणासाठी आठवते. कीपर कोण होता हे विचारून बघा कोणाला. :-)

यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, चांगला राखीव एकाच खुर्चीचा राखीव नसतो. कीपरची जागा बंद होती तेव्हा पंडित फलंदाजीच्या दारातून आत आला. दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. जो कुठेही चालतो त्याला कुठेच पक्की जागा मिळत नाही. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या आजारपणात, दुसऱ्याच कामासाठी बोलावणं. १९८६ ते १९९२ मध्ये विखुरलेल्या पाच कसोटी, सरासरी २४. आणि हाच माणूस प्रथम श्रेणीच्या १३८ सामन्यांत ४८ च्या वर सरासरीने आठ हजारांहून जास्त धावा करतो, २२ शतकं ठोकतो. आता सांगा, यातला खरा पंडित कोणता? इंजिनिअरिंगला स्टॅटिस्टिक्स शिकलेल्या कुणालाही कळेल की पाचाचं सॅम्पल घेऊन निष्कर्ष काढायचा नसतो. पण राखीव माणसाच्या नशिबी सॅम्पल कायम लहानच येतं.

खेळाडू म्हणून शेवटची वर्षं त्याने मध्य प्रदेशकडे काढली. १९९८-९९ च्या रणजी फायनलला तो कर्णधार होता. बंगळूरला कर्नाटकविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेऊनही सामना हातचा गेला.

इथून पुढे मात्र मला 'पंडित सर' म्हणावं लागेल, कारण गोष्ट नागपुरात येतेय.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकून दिला. मग २०१७ मध्ये ते विदर्भाकडे आले. विदर्भ रणजीत खेळायला लागला १९५७-५८ मध्ये. साठ वर्षांत एकदाही फायनल नाही. आपण सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर आणि २००८ पासून जामठ्याला दुसऱ्यांच्या कसोटी बघायचो, आणि आपली टीम म्हणजे भारतीय क्रिकेटचं लिंबूटिंबू.

त्या २०१७-१८ च्या मोसमात विदर्भ एकूण नऊ सामने खेळला. रजनीश गुरबानी (हो, आपल्या नागपूरचा सिव्हिल इंजिनिअर!) त्यातले सहाच खेळला. म्हणजे तीन सामने अकराच्या बाहेर. बळी किती? ३९. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या डावात ६८ धावांत ७ बळी घेऊन त्याने कर्नाटकला पाच धावांनी घरी पाठवलं. फायनल इंदूरला दिल्लीविरुद्ध होती, आणि आपला मुख्य वेगवान गोलंदाज उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेलेला. म्हणजे प्रॉडक्शन सर्व्हर ऐन गो-लाइव्हच्या दिवशी गायब. फायनलमध्ये कोण उतरलं? १९ वर्षांचा आदित्य ठाकरे, थेट पदार्पण. गुरबानीने हॅटट्रिकसह ५९ धावांत ६ बळी घेतले. रणजी फायनलच्या इतिहासातली ती दुसरीच हॅटट्रिक. आणि कीपर अक्षय वाडकरने पहिलंवहिलं प्रथम श्रेणी शतक तिथे काढलं, १३३ धावा. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. पुढच्या मोसमात जामठ्याला सौराष्ट्राला हरवून पुन्हा जिंकला.

याचं सगळं श्रेय कोचला द्यायचं म्हटलं तर फैझ फझलच्या नेतृत्वावर, वसीम जाफरच्या अनुभवावर आणि संघटनेने आधी घेतलेल्या कष्टांवर अन्याय होईल. पण एवढं नक्की म्हणता येतं : त्या संघाचं बेंच झोपलेलं नव्हतं. ज्याला हाक मारली तो तयार निघाला. आमच्याकडे डिझास्टर रिकव्हरीचं ड्रिल असतं. स्टँडबाय सर्व्हर नुसता विकत घेऊन ठेवला तर तो स्टँडबाय नसतो, डबा असतो. त्यावर रोज डेटा जावा लागतो, आणि अधूनमधून खरंच लोड टाकून बघावा लागतो. राखीव माणसाचंही तसंच आहे. तो कितपत चांगला, हा प्रश्न अर्धा त्याच्याविषयी असतो आणि अर्धा त्याला तयार ठेवणाऱ्यांविषयी. सहा वर्षांत पाच वेळा हाक आलेल्या माणसाला हे कोणी शिकवायची गरज नसावी.

२०२२ च्या जूनमध्ये, १९९९ ला जिथे हरले त्याच बंगळूरच्या मैदानावर, पंडित सरांच्या मध्य प्रदेशने मुंबईला हरवून रणजी जिंकली. प्रशिक्षक म्हणून सहावी. २०२४ ला कोलकात्याचा संघ आयपीएल जिंकला तेव्हाही मुख्य प्रशिक्षक तेच होते.

मान्य, प्रत्येक राखीव खेळाडूचा पंडित होत नाही. बहुतेकांची गोष्ट ड्रिंक्सच्या ट्रॉलीपाशीच संपते. आणि पुढे मोठा कोच झाला म्हणून राखीव असणं सार्थकी लागलं, असंही मला म्हणायचं नाही. ज्याला खेळायचं होतं त्याचं न खेळणं कुठल्याच करंडकाने भरून येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की मूल्यमापन करताना आपण 'किती खेळला' हा एकच कॉलम बघतो. आणखी तीन कॉलम जोडा. तो नसता तर त्या दिवशी काय झालं असतं? स्वतःची जागा सोडून आणखी कुठे उभा राहू शकतो? आणि त्याला तयार ठेवायला संघाने काय केलं? तिसऱ्या कॉलममधलं शून्य त्याच्या अप्रेझलमध्ये लिहू नका, मॅनेजरच्या अप्रेझलमध्ये लिहा.

असो. मार्च २०२५ मध्ये जामठ्यालाच केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. कर्णधार होता अक्षय वाडकर. इंदूरच्या फायनलमधला तोच कीपर.

तुमच्या टीममध्ये सध्या बेंचवर कोण आहे? सोमवारी ऑफिसला गेलात की एकदा विचारून बघा, शेवटचं खरं काम त्याला कधी मिळालं होतं ते.