मेद्वेद

मेद्वेद : (पुल्लिंगी नाम) अस्वल. स्लाव्हिक भाषाकुलातल्या जवळजवळ सर्व भाषांत थोड्याफार फरकाने आढळणारा शब्द. सर्बियन आणि स्लोव्हेनियन मेद्वेद, क्रोएशियन मेद्व्येद, चेक मेद्व्येद, रशियन मेद्व्येद्य, पोलिश न्येज्व्येच, युक्रेनियन वेद्मीद ही त्याची आजची रूपे. प्राचीन चर्च स्लाव्हॉनिकमध्येही तो मिळतो. शब्दाचा मूळ अर्थ ‘मध खाणारा’ असा आहे. म्हणजे हे त्या प्राण्याचे खरे नाव नव्हे, विशेषण आहे. खरे नाव या भाषांतून पार पुसले गेले. या शब्दाचे सारे महत्त्व त्यातच आहे.

व्युत्पत्ती मराठी वाचकाला फार परकी वाटू नये. पहिला घटक ‘मेदु’, म्हणजे मध. संस्कृत मधु, ग्रीक मेथू (मद्य) आणि लिथुएनियन मेदुस ही त्याचीच भावंडे. दुसरा घटक ‘खाणे’ या अर्थाचा. संस्कृत अद् धातू तोच, आणि आपला ‘अन्न’ शब्द त्याच धातूपासून आला. प्रश्न पडतो तो मधल्या ‘व’चा. शाळेत मनु + अंतर = मन्वंतर असा यण् संधी शिकवतात. उकारापुढे विजातीय स्वर आला की उकाराचा ‘व’ होतो, हा पाणिनीचा ‘इको यणचि’ नियम. आद्य स्लाव्हिकमध्येही नेमके तेच घडले आणि ‘मेदु’तला अंत्य उकार ‘व’ होऊन पुढच्या स्वराला मिळाला. संस्कृतात याच घडणीचा ‘मध्वद’ हा शब्द ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात आला आहे. तिथे तो अस्वलासाठी नसून वृक्षावरच्या पक्ष्यांसाठी वापरला आहे. तरीही हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकाच मालमसाल्यातून एकाच पद्धतीने शब्द घडवावा, हे पाहताना भाषाकुलाचे नाते अगदी हाताला लागते.

रशियात या शब्दाची दुसरी फोड लोकप्रिय आहे : ‘मध जाणणारा’. ‘जाणणे’ या अर्थाचा ‘वेदत्य’ हा धातू (आपल्या विद्, वेदचा सगोत्र) कानाला जवळचा वाटतो, म्हणून ही समजूत पसरली. ती ग्राह्य नाही. या फोडीत ‘व’ दुसऱ्या घटकाचा मानावा लागतो आणि पहिल्या घटकाचा उकार कुठे गेला याचे उत्तर मिळत नाही. पुढे शब्दातला संधी बोलणाऱ्यांना उमगेनासा झाला आणि लोकांनी आपल्या परीने नवा अर्थ लावला, इतकेच.

जुने नाव का गेले? अस्वलाचे मूळ इंडो-युरोपीय नाव संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस आणि लॅटिनमध्ये उर्सुस या रूपांत टिकले. जांबवंत ऋक्षराज होतो आणि हिंदीत रीछ ऐकू येते ते त्यामुळेच. उत्तरेकडच्या स्लाव्हिक, बाल्टिक आणि जर्मानिक भाषांत मात्र ते नाहीसे झाले. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०६ साली याचे कारण शब्दनिषेधात शोधले. दाट अरण्यात राहणाऱ्या शिकाऱ्याने त्या प्राण्याचे नाव घेतले तर तो ऐकेल, येईल किंवा शिकार निसटेल, या धास्तीने आडून उल्लेख होऊ लागला. या निषेधाचा त्या काळचा लेखी पुरावा नाही. हे अनुमान आहे, पण भक्कम अनुमान आहे. रात्री सापाला साप न म्हणता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणणाऱ्या आणि बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही मनोवृत्ती समजावून सांगावी लागत नाही. स्लाव्ह नसलेल्या फिन लोकांतही अस्वलाचे एक पारंपरिक नाव ‘मेसिकॅम्मेन’, म्हणजे ‘मधाचा पंजा’ असे आहे.

हरवलेले नाव आकाशात मात्र शिल्लक आहे. ज्या तारकासमूहाला आपण सप्तर्षी म्हणतो त्याला पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत, असे शतपथ ब्राह्मण नोंदवते. ग्रीकांनीही तिथे अस्वलच पाहिले; त्या तारकांच्या दिशेचा प्रदेश म्हणून ‘आर्क्टिक’. रशियन त्याच समूहाला ‘बोल्शाया मेद्व्येदित्सा’ (मोठी अस्वली) म्हणतात. कल्पना तीच, पण शब्द आडून घेतलेल्या नावाचा.

रूपांतील फेरफारही पाहण्याजोगे आहेत. युक्रेनियनमध्ये दोन अवयवांची सरळ अदलाबदल होऊन ‘वेद्मीद’ झाले. जुन्या पोलिशमध्ये आरंभी ‘म’ होता, त्याचा ‘न’ झाला; काही चेक बोलींतही हा बदल आहे आणि २००३ चा बालोन दोर मिळवणारा चेक फुटबॉलपटू पावेल नेद्व्येद याच्या आडनावात तो दिसतो. रशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव (कार्यकाळ २००८-१२) यांचे आडनाव याच शब्दावरून आले आहे. बल्गेरियन भाषा सर्वांत वेगळी वागली. तिथे रूढ शब्द ‘मेच्का’, म्हणजे त्याच शब्दाचे लाडके, तोडलेले, स्त्रीलिंगी रूप. हंगेरियन ही स्लाव्हिक नसलेली शेजारीण. तिने ‘मेद्वे’ उसना घेतला.

आडून घेतलेले नावच रूढ झाले की त्याचीही भीती वाटू लागते आणि आडून घ्यायला नवे नाव लागते. रशियन लोककथांत अस्वल ‘मिखाइलो पोतापिच’ होते, घरगुती बोलण्यात ‘मिशा’. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे बोधचिन्ह असलेला मिशा हाच. सैबेरियात त्याला ‘खोज्याइन’ (मालक, धनी) म्हणतात. कार्पेथियन पर्वतातले हुत्सुल लोक ‘वुइको’ म्हणतात, म्हणजे चक्क मामा. बल्गेरियात ३० नोव्हेंबरला, संत आंद्रेईच्या दिवशी, ‘मेच्किन्देन’ पाळतात. बायका मका, गहू, कडधान्ये उकडतात आणि त्यातली मूठभर चुलीच्या धुराड्यातून वर उडवतात : अस्वलिणीने हे शिजलेले घ्यावे, शेतातले उभे पीक आणि गुरे सोडावीत.

‘मध खाणारा’ हे विशेषण निवडले गेले त्यामागे रोजचा व्यवहार होता. पोलंड, बेलारूस, रशियाच्या अरण्यांत उंच झाडांच्या खोडात ढोली कोरून मधमाश्या राखत. (पोलंड-बेलारूसमधील ही परंपरा युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.) अस्वल हा या मधाचा पहिला वाटेकरी. त्याला रोखायला ढोलीच्या तोंडासमोर दोरीने जड ओंडका टांगत. अस्वल तो ढकलून देई, ओंडका झोका घेऊन परत त्याच्या अंगावर येई. चिडून त्याने जितक्या जोरात ढकलावे तितक्या जोरात तो आदळे आणि शेवटी अस्वल खाली पडे.

वाक्प्रचार : ‘मेद्व्येझी उगोल’ (अस्वलाचा कोपरा) म्हणजे आडवळणाचे, जगापासून तुटलेले गाव. ‘मेद्व्येझ्या उस्लुगा’ (अस्वलाची सेवा) म्हणजे मदतीच्या हेतूने केलेले पण नुकसान करणारे काम. हा दुसरा प्रयोग इव्हान क्रिलोव्ह (१७६९-१८४४) यांच्या कथाकाव्यावरून रूढ झाला. झोपलेल्या संन्याशाच्या कपाळावरची माशी मारायला त्याचे मित्र असलेले अस्वल दगड घालते. पंचतंत्रात हेच कृत्य राजाचे सेवक असलेले माकड तलवारीने करते. फारसी आणि फ्रेंच रूपांतरांच्या वाटेने ही गोष्ट रशियात पोहोचली.

स्थलनामे : क्रोएशियात झाग्रेबच्या उत्तरेचा मेद्वेदनित्सा डोंगर आणि त्यावरचा तेराव्या शतकातला मेद्वेदग्राद किल्ला.