बारावा किल्ला कुठाय?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. चौकात फटाके वाजले, सगळ्यांचे स्टेटस भरले. बातमीसाठी मी काही जणांना बारा नावं विचारली. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, पन्हाळा धडाधड आली. लोहगड, साल्हेर, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग जरा आठवून. सुवर्णदुर्ग आणि खांदेरीपाशी गाडी अडखळली. बारावं कुणालाच सांगता आलं नाही.

बारावा आहे जिंजी, आणि तो महाराष्ट्रात नाहीच. तमिळनाडूत विल्लुपुरम जिल्ह्यात, पुदुच्चेरीहून साधारण ७० किलोमीटरवर. जुन्या मराठी कागदांत याला ‘चंदी’ म्हणतात. स्वराज्याचा कारभार काही वर्षं इथून चालला, म्हणून ही पोस्ट.

१६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी जिंजी आदिलशाहीकडून घेतला आणि मजबूत केला. इतक्या लांबचा किल्ला कशाला, याचं उत्तर बारा वर्षांनी मिळालं. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. रायगडाला वेढा पडला. राजाराम महाराज तिथून निसटले आणि केळदीच्या राणी चेन्नम्माच्या मदतीने वाट काढत वर्षअखेरीस जिंजीला पोचले. त्याच सुमारास रायगड पडला, येसूबाई आणि शाहू कैदेत गेले. राजधानी गेली, पण राज्य गेलं नाही. इकडे मुलूख रामचंद्रपंत अमात्यांनी सांभाळला, तिकडे जिंजीतून राजाच्या नावाने हुकूम सुटत राहिले.

झुल्फिकारखान १६९० मध्ये चालून आला. किल्ला हातात यायला १६९८ उजाडलं! मधे संताजी-धनाजी धावून गेले, तेव्हा वेढा घालणाऱ्यांचीच कोंडी झाली. किल्ला पडला त्याआधीच राजाराम महाराज बाहेर पडले होते. मोगलांची एवढी फौज आणि पैसा तिथे अडकून पडला, त्या काळात इकडे मराठे पुन्हा उभे राहिले.

जागाही तशीच आहे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग या तीन टेकड्या, त्यांना जोडणारी सुमारे १३ किलोमीटरची तटबंदी. राजगिरीच्या माथ्याआधी खोल फट आहे, ती पुलावरूनच ओलांडायची. खाली कल्याण महाल, धान्याची कोठारं, देऊळ, मशीद.

आणि एक सांगतो. जिंजी फक्त आपला नाही. विजयनगरचे नायक, आदिलशाही, मराठे, मोगल, १७५० मध्ये फ्रेंच, १७६१ मध्ये इंग्रज, सगळे इथे नांदले. तिथल्या लोककथांचा नायक आहे देसिंग राजा, १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना कोवळ्या वयात पडलेला बुंदेला राजपूत. तिथे गेल्यावर आपली गोष्ट जरूर सांगा, पण त्यांचीही ऐका. आणि कृपा करून भिंतीवर नाव कोरू नका. आपल्या गडांवर ते काम आपण पुरेसं केलंय.

आपल्या भागातून दरवर्षी तिरुपती-रामेश्वरच्या गाड्या भरभरून जातात. तिरुवण्णामलैला तर बऱ्याच थांबतात. तिथून जिंजी तासाभराच्या वाटेवर आहे. यंदा बुकिंग करताना ट्रॅव्हल्सवाल्याला एवढंच म्हणा, अर्धा दिवस जिंजीला द्या. दहा जणांनी मागितलं तर तो नाही कशाला म्हणेल?